अर्धा दात मागे

कसबा पेठ, पुणे
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

बद्रीनाथ,

इंजिन टांगायचा घोडा, जुन्या लोखंडी खाटेच्या पाइपातून. पुली ओढून काढायचा पुलर, ट्रकच्या तुटक्या कमानपाट्यातून. क्रँक अडवून ठेवायची पिन, मोडक्या ड्रिलच्या दांड्यातून, आठ मिलिमीटरची घासून सात पॉइंट नऊ केलेली. इंजिनाचा आवाज ऐकायची नळी, वडिलांच्या दुकानात उरलेल्या तांब्याच्या पत्र्यातून, तिचा सांधा आजही दिसत नाही. हत्यारांची भिंत, तिच्यावर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला, म्हणजे कोणता पाना जागेवर नाही ते दारातून कळतं. आणि अठरा वर्षांपूर्वी स्वारगेटला एसटीतून उतरलेला एक माणूस, ज्याला दहाचा पाना कोणता आणि बाराचा कोणता ते सांगता येत नव्हतं, त्याचा मेकॅनिक.

हे सगळं मी माझ्या हातानं केलं. मला कुणी शिकवलं नाही. आमच्या घरात चार पिढ्या तांब्याची भांडी ठोकली, गाडीच्या बॉनेटखाली काय असतं ते बघणारा मी पहिला. हे तुला माहीत आहे, तरी लिहितो.

फोन तू उचलत नाहीस. पत्ता मला कारंज्याच्या त्या प्रशिक्षण केंद्राकडून मिळाला. मी मागितला नव्हता. सोमवारी सव्वाअकरा वाजता केंद्राच्या प्रमुख हेमा मॅडम यांचा मला फोन आला. म्हणाल्या, "बद्रीनाथ यांनी मोटार दुरुस्ती शिकवायच्या जागेसाठी अर्ज केलाय. आधीचं काम का सोडलं, या रकान्यात त्यांनी लिहिलंय, 'अवधूतभाऊंना विचारा', आणि तुमचा नंबर दिलाय. तर कारण काय?"

मी म्हणालो, हातात काम आहे, आठ दिवसांनी सांगतो. हातात चहाचा कप होता.

तू असं का लिहिलंस? 'घरगुती अडचण' एवढं लिहिलं असतंस तर कुणी काही विचारलं नसतं.

जे झालं ते एकदा कागदावर नीट असावं म्हणून लिहितो. शुक्रवार, १८ ऑगस्ट २०२३ रोजी आपण दिग्विजयरावांच्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट बदलला. रविवारी ते आईला घेऊन जेजुरीला गेले. परत येताना दिवे घाटाच्या उतारावर बेल्टनं दात सोडले, इंजिनाच्या वरच्या-खालच्या भागाचा मेळ गेला, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले आणि इंजिन बंद पडलं. त्याबरोबर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड झाले. गाडी डोंगराच्या बाजूला घासत जाऊन थांबली. दुसऱ्या बाजूला गेली असती तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. दिग्विजयरावांना खरचटलं. त्यांच्या आईच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं.

आपल्याकडचा नियम असा, की बेल्ट बसवताना ज्यानं इंजिन हातानं फिरवलं त्यानं बेल्टच्या कव्हरच्या आत पांढऱ्या पेनानं आपलं अक्षर आणि तारीख टाकायची. पुण्यात दुसऱ्या कुठल्या गॅरेजात मी हे पाहिलेलं नाही. सोमवारी सकाळी दिग्विजयराव समोर उभे असताना कव्हर काढलं तर आत 'ब' होता. ते म्हणाले, "हा कोण?" मी काय करणार होतो? मी तुझ्याकडे बघितलं. तू कव्हर हातात घेतलंस, उजेडाकडे धरलंस, म्हणालास, "अक्षर चांगलं आलं, भाऊ." मग हात धुतलेस, डबा उचललास आणि गेलास.

मी तुला 'जा' म्हणालो नव्हतो. एवढं तरी तू मान्य करशील.

मी मॅडमना सांगेन की घरच्या अडचणीमुळे गेला, माणूस मेहनती आणि प्रामाणिक आहे. झाल्या चुकीबद्दल एक शब्द काढणार नाही. एवढं तुझ्यासाठी करीन. उलटटपाली कळव.

अवधूत


गुरुवार, १६ जानेवारी २०२५

बद्रीनाथ,

पत्र मिळाल्याचं तुझ्या घरून हिरावहिनींनी आमच्या घरी सुहासिनीला फोनवर सांगितलं. त्यांचं बोलणं सुहासिनीनं मला जसंच्या तसं ऐकवलं. तिला अशा वेळी नक्कल चांगली जमते.

"वाचलं त्यायनं. मंग म्हन्ले, कागद लय जाड हाये, मांगून कोरा बी हाये. पोरीले गणितं कराले कामी येईन."

मग सुहासिनीनं मला विचारलं, असं काय लिहिलंत? माझ्याकडे कच्चा कागद होता. तो तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. तिनं सव्वीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली आहे, कागदात काय नाही ते तिला आधी दिसतं.

"हे पत्र आहे की पावती?" म्हणाली.

मी म्हणालो, तुला गाडीतलं कळत नाही.

"मग मला कळेल असं लिहा. मला कळेल असं लिहिलंत तर तुम्हाला लपवता येणार नाही."

म्हणून हे तिला कळेल असं लिहितो आहे. तू कंटाळू नकोस.

टायमिंग बेल्ट म्हणजे आतून दाते असलेला रबरी पट्टा. खाली पिस्टन हलवणाऱ्या क्रँकची पुली, वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची पुली, दोघींना तो एका ठेक्यात ठेवतो. दोन्ही पुल्यांवर खुणा असतात. नवा बेल्ट चढवला की क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचं, इंजिन चालतं त्याच दिशेनं, आणि खुणा पुन्हा जागेवर येतात का ते बघायचं. आल्या की टेन्शनर आवळायचा. टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारी चकती.

फिरवताना खूण जरा पुढे निघून गेली तर? तर मागे घ्यायचं नाही. पुन्हा दोन फेरे पुढेच. कारण इंजिन उलटं फिरवलं की बेल्टची ढील टेन्शनरच्या बाजूनं निघून पलीकडच्या बाजूला जाऊन बसते. टेन्शनरला बेल्ट ताठ लागतो. खूण बरोबर दिसते. सगळं बरोबर दिसतं आणि बेल्ट सैल असतो. पुढे कधीतरी उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, बेल्टवरचा ओढा बदलला, की तो दात सोडतो.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. २००४ साली एका गाडीचं इंजिन खराब केलं, पदरचे पैसे घालून नीट करून दिलं आणि शिकलो. तू आल्यावर पहिल्या वर्षी तुला शिकवलं. तुला हे इतक्या वेळा ऐकवलं की तू डबा खाताना माझी नक्कल करायचास. ती मी एकदा शटरच्या मागून ऐकली होती. बरी होती.

आता १८ ऑगस्ट. त्या सकाळी इंजिनीअरिंग कॉलेजचे दोन सर त्यांची गाडी दाखवायला आले होते. एकानं हत्यारांच्या भिंतीकडे बघत विचारलं, "आपलं शिक्षण कुठं झालं?" मी म्हणालो, "चालू आहे अजून." ते हसले. मला बरं वाटलं. मग मी दिग्विजयरावांची गाडी सोडून त्यांना दाखवायलाच लागलो, की बघा, टायमिंग असं जुळवतात. तुमच्या कॉलेजात मुलांना हे फळ्यावर दाखवत असाल, हे बघा प्रत्यक्ष.

पाना माझ्या हातात होता. बोलताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. दुसरा फेरा संपताना खूण अर्धा दात पुढे गेली.

अर्धा. पुन्हा दोन फेरे मारायचे म्हणजे चार मिनिटं. डिझेलचा दाब असतो, दोन्ही हातांचा जोर लागतो, पण तो प्रश्न नव्हता. पुन्हा फिरवलं असतं तर सरांनी विचारलं असतं, का हो? आणि मला सांगावं लागलं असतं, की पुढे गेलं, चुकलं. मी पाना उलटा लावला आणि अर्धा दात मागे घेतलं.

तू माझ्या डाव्या हाताला उभा होतास. हळूच म्हणालास, "भाऊ, मांगं नका घेऊ."

मी म्हणालो, "ये बाबा, आता तू मला शिकव."

सर पुन्हा हसले. तू हसला नाहीस. म्हणालास, "दोन फेरे मी मारतो नं. तुमी बोलत राहा."

मी म्हणालो, "तू चहा सांगून ये. तीन."

तू गेलास. परत आलास तोवर टेन्शनर आवळून झाला होता आणि कव्हर बंद होतं.

म्हणजे इंजिन मी उलटं फिरवलं. हे मी कबूल करतो. कव्हरवर 'ब' कसा आला ते त्या गडबडीत मला आता नीट आठवत नाही.

मंगळवारी मॅडमचा फोन आला. मी ठरल्याप्रमाणे 'घरगुती' म्हणालो. त्या म्हणाल्या, "साहेब, आमच्या माणसानं स्वारगेटला पार्टच्या दुकानांत चौकशी केली. तिथे म्हणतात, यानं इंजिन फोडलं, एका बाईंचा हात मोडला आणि तुम्ही याला दुसऱ्याच दिवशी काढलं. तुम्ही म्हणता घरगुती. मी कुणाचं खरं धरू?"

मी म्हणालो, दुकानदार काहीही बोलतात.

"मग जे खरं असेल ते लेखी द्या. दहा फेब्रुवारीला निवड आहे. शिकवायची जागा आहे, मनात शंका ठेवून मी कुणाला घेणार नाही."

विचार करतो आहे.

अवधूत


गुरुवार, ३० जानेवारी २०२५

बद्री,

मागच्या गुरुवारी लिहायला बसलो होतो. तारीख घातली, तुझं नाव लिहिलं आणि पेनाची रीफिल बदलायला उठलो. रीफिल भरलेलीच होती.

'नीट आठवत नाही' हे मी मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं आहे. मला सगळं आठवतं.

रविवारी संध्याकाळी क्रेनवरून गाडी आली. क्रेनबरोबर तू आलास, घाटात दोन तास उन्हात उभा राहून. मी तुला म्हणालो, घरी जा, दमलास. ती काळजी नव्हती. मला कव्हर एकट्यानं उघडायचं होतं.

उघडलं. आत 'अ', अठरा, आठ, तेवीस. खाली मी मारतो तशी रेघ. बेल्ट खालच्या पुलीवर तीन दात सरकलेला. टेन्शनरच्या बाजूनं ताठ, पलीकडे दोन बोटं सहज गेली. काय झालं ते कळायला मला एक मिनिटही लागलं नाही.

थिनरची बाटली डावीकडच्या फळीवर असते. फडक्यावर घेतलं. अक्षर एका पुसण्यात गेलं नाही, तीनदा पुसावं लागलं, मग कव्हरवर गोल चकाकी राहिली, म्हणून तिच्यावर बोटानं जरा ग्रीस फिरवलं आणि कोरड्या फडक्यानं टिपलं. मग पेन हलवलं आणि 'ब' काढला. तारीख तीच घातली. रेघ मारली नाही, कारण तू मारत नाहीस. इतका विचार मी केला होता.

एक राहिलं. तू 'ब' काढतोस तो एक वेडावाकडा गोळा आणि त्यात तिरकी काडी. डोक्यावर रेघ तू सतरा वर्षांत दिली नाहीस, मी त्यावरून तुला बोलायचो. मी रेघ दिली. सरळ, पट्टीनं मारल्यासारखी.

म्हणून तू म्हणालास, अक्षर चांगलं आलं.

दिग्विजयरावांना ते वाक्य निर्लज्जपणाचं वाटलं. ते मला तसं म्हणाले आणि मी मान हलवली. तू तेव्हा नळावर हात धूत होतास, आणि वरच्या आरशातून माझ्याकडे बघत होतास. बराच वेळ धुतलेस. तुझे हात एवढे काळे नव्हते. तू वेळ देत होतास, हे मला त्याच वेळी कळलं होतं. मी दिग्विजयरावांना बसायला खुर्ची पुसत होतो.

तू त्यांना सांगू शकला असतास. मी आधी स्वतःची समजूत घातली, की बद्री घाबरला. मग अशी घातली, की त्यानं मला सांभाळून घेतलं. दोन्हींत माझी सोय होती. आता मला वाटतं, तू फक्त ते काम माझ्यावर सोडलंस. तू कुणाचं काम हातातून काढून घेत नाहीस, तशी तुझी सवयच आहे.

आणखी एक. 'मी तुला जा म्हणालो नव्हतो' असं पहिल्या पत्रात लिहिलंय. तुला म्हणालो नव्हतो, खरं आहे. लोकांना म्हणालो. त्याच आठवड्यात आनंदशेठच्या पार्टच्या दुकानात विषय निघाला, तेव्हा म्हणालो, "चुकणाऱ्या माणसाला मी दुसरा दिवस दाखवत नाही." वाक्य मला आवडलं. म्हणून पुढच्या दोन दुकानांत मी होऊन विषय काढला आणि तेच म्हणालो. त्यानंतर स्वारगेटपासून हडपसरपर्यंत तुला कुणी पाना हातात घेऊ दिला नाही. तू सातारा रोडला गाड्या धुवायचास. मी एकदा तिथून गेलो. तू पाण्याचा पाइप धरून उभा होतास, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. सिग्नल लाल होता. मी स्कूटर रिक्षाच्या पलीकडे घेतली.

रविवारी हे सुहासिनीला सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडणं थांबलं नाही. सगळं ऐकून म्हणाली, "मला सांगून काय होणार? माझं कुठं नाव पुसलंत?" थोड्या वेळानं म्हणाली, "स्पीड पोस्ट शनिवारीही सुरू असतं."

तुझा मेकॅनिक मी केला, हे जे वाक्य आहे ते खोडून वाच. मी तुला नियम सांगितला. तो तू पाळलास, माझ्यासमोर, दोन परक्या माणसांच्या देखत, मला राग येईल हे माहीत असून. ते मी शिकवलेलं नव्हतं. मला ते येत नाही.

अवधूत


गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

बद्री,

सोबत हेमा मॅडमना दिलेल्या पत्राची प्रत आहे. वाचशीलच, तरी मुख्य मजकूर असा: "१८ ऑगस्ट २०२३ रोजी सदर गाडीचे इंजिन टायमिंग बेल्ट बसवताना मी स्वतः उलटे फिरवले. बद्रीनाथ यांनी मला त्याच वेळी अडवले होते. मी ऐकले नाही. अपघातानंतर कव्हरवरील माझे अक्षर मी पुसले व तेथे त्यांचे लिहिले. त्यांना काढण्याजोगे त्यांच्याकडून काहीही घडलेले नाही." खाली माझी सही, पूर्ण नाव, गॅरेजचा शिक्का. पाच वेळा लिहिलं. पहिल्या चार वेळा 'अनवधानाने' हा शब्द आत शिरत होता.

पाठवण्याआधी जिथे जिथे बोललो होतो तिथे गेलो. तिन्ही दुकानं. आनंदशेठ गिऱ्हाइकाला फिल्टर दाखवत होते, त्यांना म्हटलं, ऐका आणि गिऱ्हाइकालाही ऐकू द्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दीड वर्षानं सांगताय? वॉरंटी संपली की हो." गिऱ्हाईक हसलं. मग आनंदशेठ फिल्टर खोक्यात ठेवत म्हणाले, "गाड्या धुवायला जायच्या आधी तो इथे आला होता, काम आहे का विचारायला. मी नाही म्हणालो. तुमच्या शब्दावर." मी लागणारी बेअरिंग न घेताच निघालो.

रविवारी सकाळी कोथरूडला दिग्विजयरावांकडे गेलो. दार त्यांच्या आईनं उघडलं, सुशीलाबाईंनी. सेफ्टी डोअरची कडी त्यांनी डाव्या हातानं काढली. उजवं मनगट अजून पुरतं वळत नाही. हे मला दीड वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

मी त्या दोघांसमोर बसून सांगायला सुरुवात केली. खूण, ढील, टेन्शनर. सुशीलाबाई मध्येच म्हणाल्या, "मला त्या बेल्टातलं कळत नाही. त्या माणसाचं काय झालं ते सांगा."

"गाड्या धुवत होता. मग गावी गेला."

"मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे."

"आणि तुमचं गॅरेज?"

"चालू आहे."

"हं," म्हणाल्या. मुलाला म्हणाल्या, "दिगू, यांना पाणी दे," आणि आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

दिग्विजयराव मला खाली पार्किंगपर्यंत सोडायला आले. आता जे लिहितो ते मी आधीच्या तिन्ही पत्रांत लिहिलेलं नाही.

ते आणि त्यांचे दोन मित्र मिळून गाड्या दुरुस्तीची वर्कशॉप काढताहेत, बाणेर, वाकड आणि हडपसर. डिसेंबरात ते माझ्याकडे आले होते. तिन्ही ठिकाणच्या कामाची तपासणी करायला त्यांना एक माणूस हवा होता. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीवर त्याची सही. मी का, ते त्यांनीच सांगितलं: "सतरा वर्षांच्या आपल्या माणसाला एका दिवसात बाहेर काढायला छाती लागते, अवधूतराव. मला तसा माणूस पाहिजे." मी अठ्ठावीस डिसेंबरला हो म्हणालो. सहा जानेवारीला कारंज्याहून फोन आला. मला 'घरगुती' एवढं का हवं होतं, ते आता तुला कळेल.

पार्किंगमध्ये ते माझ्या स्कूटरपाशी थांबले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. मग म्हणाले, "ठीक आहे. माणूस चुकतो. तुम्ही येऊन सांगितलंत, माझ्याकडून विषय संपला. आपलं ठरलंय ते तसंच राहू दे."

मी म्हणालो, "कारंज्याला लेखी देतोय."

"ते देऊ नका."

"का?"

"अहो, उद्या कुणी त्या कागदाचा फोटो काढून सगळीकडे फिरवला तर? आमच्या बोर्डाखाली तुमचं नाव असणार. सही पुसणारा माणूस सही करायला बसवलाय म्हणतील. त्या बद्रीनाथचं आपण करू काहीतरी. हडपसरला घेऊ त्याला, हवं तर. तोंडी सांगा ना त्या बाईंना, लेखी कशाला?"

पाकीट माझ्या शर्टाच्या खिशात होतं, पत्ता घातलेलं. खोटं कशाला सांगू, मी त्यावर विचार केला. हडपसरला घेऊ म्हणतात, म्हणजे बद्रीचंही भलं होतंय, असाही विचार केला. मला सोयीचं असलं की तुझं भलं मला लगेच दिसतं. मग तू हडपसरच्या वर्कशॉपमध्ये काम करतोस आणि गाडी बाहेर पडताना मी तुझ्या कामावर सही करतो, हे डोळ्यांपुढे आलं. मी त्यांना नाही म्हणालो.

"विचार करा," म्हणाले.

"केला."

सोमवारी सकाळी दहाला पोस्ट उघडलं तेव्हा मी पहिला होतो. काल मॅडमचा फोन आला. पत्र मिळालं, समितीपुढे ठेवते, म्हणाल्या. जागा तुला मिळेल की नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मॅडमना एवढंच विचारलं, की तुला ते पत्र दाखवणार का. म्हणाल्या, "त्यांना मी वाचून दाखवलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. प्रत मागितली."

म्हणून ही दुसरी प्रत पाठवतो आहे, शिक्क्याची.

गॅरेजात मी आता एकटा आहे. बेल्टची कामं घेणं बंद केलं आहे. या पत्राला उत्तर नको, असं लिहून झालं होतं, ते खोडलं.

अवधूत

ता. क. सुहासिनी म्हणते, सोडलेल्या नोकरीची रक्कम लिहू नका, फुशारकी वाटेल. वाटेल. पण आजवर तुझ्यापासून जे लपवलं ते मी मोघम लिहूनच लपवलं, म्हणून हे तरी नेमकं असू दे. तीन वर्कशॉपांचा तपासणीप्रमुख, आठवड्याची सुट्टी गुरुवारी, जायला-यायला त्यांची गाडी, करार पाच वर्षांचा. महिना एक लाख पस्तीस हजार रुपये.